मनाचा आजार : लपवू नका, बोला आणि उपचार घ्या

या पानांवर आजवर मी धानाच्या रोवणीतील अंतर, सोयाबीन-तूर आंतरपीक आणि तणनियंत्रण अशा विषयांवर लिहीत आलो आहे. आजचा विषय वेगळा आहे. पीक चांगले यावे म्हणून आपण जमीन, पाणी, बियाणे व खते यांची काळजी घेतो. परंतु पीक घेणाऱ्या माणसाच्या मनाची काळजी घेण्याचे बरेचदा राहून जाते. मनाला आजार झाला तर तो कोणाला सांगायचाही नाही, अशी आपल्याकडे रीत आहे. या रीतीमुळे किती नुकसान होते, याविषयी या लेखात माहिती देत आहे.

मागील खरीप हंगामात पारशिवनी तालुक्यातील एका गावी शेतकरी मेळावा होता. धानातील तणनियंत्रण हा माझा विषय होता. चर्चा आटोपली, मंडळी चहाला गेली. चाळिशीचे एक शेतकरी मात्र जागेवरच बसून राहिले. मी जवळ गेल्यावर हळू आवाजात म्हणाले, "सर, दीड मयना झाला, झोप नाई लागत. धुऱ्यावर जातो न् बसून राह्यतो. हात उचलत नाई. घरचे म्हनतात, आळस आला. मले काय झालं जी?"

मी त्यांना म्हणालो, "भाऊ, तुम्ही सांगता तसेच मलाही झाले होते. मी आजही त्याची गोळी घेतो."

ते माझ्याकडे पाहत राहिले. मग म्हणाले, "तुमाले? तुमी तं शिकलेले मानूस."

त्यानंतर ते अर्धा तास बोलत होते. दीड महिन्यात त्यांनी घरी जे सांगितले नव्हते, ते मला सांगितले. त्या दिवशी परत येताना विचार केला की, ही गोष्ट अकरा वर्षे लपवून आपण काय साधले? म्हणून हा लेख लिहीत आहे.

माझा अनुभव

पदव्युत्तर शिक्षणाच्या दुसऱ्या वर्षी माझा धानावरील प्रयोग सुरू होता. एकूण २४ वाफे होते. रोवणीनंतर ६० व्या दिवशी प्रत्येक वाफ्यातील निवडलेल्या पाच चुडांचे फुटवे मोजायचे होते. मी वाफ्यात उतरलो, एका चुडाचे फुटवे मोजले आणि वहीत लिहिण्याआधीच आकडा विसरलो. पुन्हा मोजले, पुन्हा विसरलो. दोन तास मी एकाच वाफ्यात उभा होतो. त्याआधी महिनाभर पहाटे तीनलाच जाग येत होती, जेवण जात नव्हते, मित्रांशी बोलणे नको वाटत होते. आपण कशाच्याच लायक नाही, हा एकच विचार डोक्यात चाले. प्रक्षेत्रावर निंदणीला येणाऱ्या एका वयस्कर बाईंनी मला धुऱ्यावर बसविले आणि म्हणाल्या, "बापू, तू बिमार आहेस. घरी जा." तोपर्यंत मला स्वतःला ते कळले नव्हते.

घरी आलो. आमचे घर पेंच कालव्याच्या पाण्यावर धान आणि वरच्या जमिनीत पऱ्हाटी घेणारे. पहिले काही दिवस 'नजर लागली', 'बाहेरचे आहे' अशी चर्चा झाली. शेवटी एक वडीलधारे स्नेही मला नागपूरला मानसोपचार तज्ज्ञांकडे घेऊन गेले. आजाराचे नाव कळले : नैराश्य, ज्याला डिप्रेशन म्हणतात. औषध सुरू झाल्यावर चौथ्या आठवड्यात झोप परत आली. हळूहळू कामही जमू लागले. प्रयोगाची काही निरीक्षणे वाया गेली, पण पदवी पूर्ण झाली.

त्यानंतर मी एक मोठी चूक केली. बरे वाटताच कोणालाही न विचारता गोळ्या बंद केल्या. पुढे नोकरी लागल्यावर आजार उलटला. या वेळी मी उपचार वेळेत घेतले, परंतु गोळ्या जीवनसत्त्वाच्या डबीत ठेवल्या. सहकाऱ्यांना कळू नये म्हणून तपासणीच्या दिवशी दरवेळी दुसरे कारण सांगून रजा टाकली. लग्न ठरविताना मात्र खरे सांगायचे ठरविले. एक स्थळ मोडले. दुसऱ्या ठिकाणी मुलीने एवढेच विचारले, "गोळी घेतली की बरे असता ना? मग घेत जा." आज ती माझी पत्नी आहे.

हा लेख छापायला देण्यापूर्वी मी घरी वाचून दाखविला. ऐकून झाल्यावर बाबा बराच वेळ बोलले नाहीत. मग म्हणाले, "तुझ्या मोठ्या काकांचेही लिही." माझे मोठे काका तरुणपणी एकटेच बोलू लागले होते. कोणी आपल्याला मारायला येत आहे, असे त्यांना वाटे. कुटुंबाने देवधर्म केला, पैसा खर्च केला. पण नागपूरच्या दवाखान्याला लोक 'पागलखाना' म्हणत. तिथे नेले तर घरातील मुलींची लग्ने होणार नाहीत, या भीतीने त्यांना नेले नाही. त्यांची शेवटची वर्षे बैलांच्या कोठ्यालगतच्या खोलीत गेली. त्यांच्या आजाराला आमच्या घरात कधी नाव मिळाले नाही. माझ्या आजाराला मिळाले, म्हणून मी आज वर्गात शिकवू शकतो.

मानसिक आजार म्हणजे काय?

मेंदू हा शरीराचाच अवयव आहे. त्याच्या कार्यात बिघाड झाला की झोप, भूक, विचार, भावना व वागणे यांवर परिणाम होतो. हा बिघाड काही आठवडे टिकून राहिला आणि त्यामुळे रोजचे काम अडू लागले, तर त्यास आजार समजावे. एखाद्या दिवशी भाव पडल्याने वाईट वाटणे हा आजार नव्हे. सर्वसाधारणपणे पुढील प्रकार आढळून येतात.

१) नैराश्य : दोन आठवडे किंवा त्याहून अधिक काळ बहुतेक वेळ उदास वाटणे, कशातच रस न वाटणे, झोप व भूक कमी किंवा जास्त होणे, थकवा, लक्ष न लागणे, स्वतःला दोष देणे, जगणे नकोसे वाटणे. आपल्याकडे अनेक रुग्ण उदासी सांगत नाहीत. डोके दुखते, अंग दुखते, छातीवर दडपण येते, असे सांगतात.

२) चिंतेचे आजार : सतत धास्ती, छातीत धडधड, घाम, हातपाय थरथरणे.

३) द्विध्रुवी आजार : काही काळ नैराश्य, तर काही काळ अति उत्साह, झोपेची गरज न वाटणे, भरमसाट खर्च व मोठमोठे बेत.

४) स्किझोफ्रेनिया : इतरांना ऐकू न येणारे आवाज ऐकू येणे, निराधार संशय, एकलकोंडेपणा, स्वतःच्या देखभालीकडे दुर्लक्ष.

५) व्यसने : दारू व इतर नशा. बरेचदा झोप यावी म्हणून दारू सुरू होते. दारूने झोप बिघडते आणि नैराश्यही वाढते.

हे आजार विरळ नाहीत. राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षण २०१५-१६ मध्ये देशातील १२ राज्यांत करण्यात आले. त्यात प्रौढांपैकी सुमारे १०.६ टक्के व्यक्तींना सर्वेक्षणाच्या वेळी कोणता ना कोणता मानसिक आजार असल्याचे आढळले. आजारानुसार ७० ते ९२ टक्के रुग्णांना उपचारच मिळत नव्हते. शंभर एकरांवर रोग पडावा आणि त्यांतील सत्तरहून अधिक एकरांवर कोणी काहीच उपाय करू नये, अशी ही स्थिती आहे.

आजार का होतो?

याचे एकच कारण सांगता येत नाही. काही घराण्यांत या आजारांकडे कल असतो. त्यात प्रसूती, दीर्घ दुखणे, जवळच्या व्यक्तीचा मृत्यू, कर्ज, नापिकी, घरातील भांडणे किंवा व्यसन यांची भर पडते. कर्ज असलेल्या प्रत्येकाला नैराश्य येत नाही, आणि मला तर कर्ज नसताना आले. म्हणून 'याला कशाची कमी आहे?' असे विचारण्यात अर्थ नाही. तसेच शेतकऱ्याच्या सर्व अडचणी गोळीने सुटतील, असेही समजू नये. कर्ज, भाव व पीक विमा यांचे प्रश्न त्यांच्या जागी आहेतच. परंतु मन आजारी असताना माणसाला बँकेत जाणे, अर्ज भरणे, पेरणीचा निर्णय घेणे हेही जमत नाही. उपचाराने ती ताकद परत येते.

काही गैरसमज

समज : हा बाहेरच्या बाधेचा प्रकार आहे.
वस्तुस्थिती : हा आजार आहे. श्रद्धेने मनाला आधार वाटत असेल तर देवदर्शन जरूर करावे. मात्र त्यासाठी औषध थांबवू नये आणि रुग्णास साखळदंडाने बांधणाऱ्या ठिकाणी कधीही ठेवू नये. तामिळनाडूतील एरवाडी येथे ६ ऑगस्ट २००१ रोजी लागलेल्या आगीत बांधून ठेवलेल्या २८ रुग्णांचा बळी गेला.

समज : या गोळ्यांची सवय लागते.
वस्तुस्थिती : नैराश्यावरील नेहमीच्या औषधांचे दारूसारखे व्यसन लागत नाही. झोपेच्या काही गोळ्यांची सवय लागू शकते. म्हणून त्या डॉक्टरांनी सांगितल्या तितकेच दिवस घ्याव्यात आणि औषध दुकानातून परस्पर आणू नयेत.

समज : असे रुग्ण धोकादायक असतात.
वस्तुस्थिती : बहुसंख्य रुग्ण कोणाला इजा करीत नाहीत. उलट त्यांनाच मारहाण व फसवणूक अधिक सोसावी लागते.

समज : लग्न लावून दिले की सुधारेल.
वस्तुस्थिती : लग्न हा उपचार नव्हे. आजार लपवून लग्न लावल्यास दोन कुटुंबांचे नुकसान होते. उपचार घेऊन, सांगून, समजून केलेला संसार टिकतो.

बोलल्याने काय फरक पडतो?

याचे उदाहरण आपल्या विदर्भातच आहे. अमरावती जिल्ह्यातील ३० गावांत 'विश्राम' नावाचा प्रकल्प 'संगाथ', 'प्रकृती' आदी संस्थांनी राबविला. गावातच लहान बैठका घेऊन मानसिक आजारांवर मोकळी चर्चा करण्यात आली. गावपातळीवरील आरोग्य कार्यकर्त्यांना प्राथमिक मानसिक आधार देण्याचे शिक्षण दिले. त्यांच्या जोडीला समुपदेशक आणि गरजेप्रमाणे मानसोपचार तज्ज्ञ होते. सुरुवातीला नैराश्य असलेल्यांपैकी केवळ ४.३ टक्के व्यक्ती मदत घेत होत्या. सुमारे १८ महिन्यांनी हे प्रमाण २७.२ टक्क्यांवर गेले. मागील वर्षभरात आत्महत्येचा विचार मनात आल्याचे सांगणाऱ्यांचे प्रमाण ५.२ वरून २.५ टक्क्यांवर आले. हे निष्कर्ष २०१७ मध्ये 'लॅन्सेट सायकिॲट्री' या नियतकालिकात प्रसिद्ध झाले. यात तुलनेसाठी उपक्रम न राबविलेली गावे नव्हती, त्यामुळे सर्व फरक उपक्रमाचाच असे ठामपणे म्हणता येणार नाही. तरीही गावात या विषयावर बोलले गेले तर लोक मदत घ्यायला पुढे येतात, एवढे त्यातून निश्चित दिसते.

दुसरे उदाहरण डॉ. जगन्नाथ वाणी यांचे. धुळ्याकडील हे गृहस्थ कॅनडातील कॅलगरी विद्यापीठात संख्याशास्त्राचे प्राध्यापक होते. त्यांच्या पत्नीला स्किझोफ्रेनिया होता. त्यांनी ही गोष्ट लपविली नाही. इतर कुटुंबांना आधार मिळावा म्हणून त्यांनी पुण्यात स्किझोफ्रेनिया अवेअरनेस असोसिएशन ही संस्था उभी केली. या आजारावरील 'देवराई' हा मराठी चित्रपट २००४ मध्ये आला, त्यामागेही त्यांचा पुढाकार होता. सुमित्रा भावे व सुनील सुकथनकर यांच्या या चित्रपटात अतुल कुलकर्णी यांनी रुग्णाची भूमिका केली आहे. गावातील बचत गट किंवा शेतकरी मंडळांनी तो एकदा एकत्र बसून अवश्य पाहावा.

उपचार कोठे व कसे घ्यावेत?

१) प्रथम प्राथमिक आरोग्य केंद्र किंवा ग्रामीण रुग्णालयातील डॉक्टरांना सांगावे. केवळ 'अशक्तपणा आहे' असे सांगून सलाईन लावून घेऊ नये. झोप, मन आणि विचार यांविषयी स्पष्ट बोलावे.

२) नागपूर येथे मेडिकल, मेयो व एम्स या तिन्ही ठिकाणी मानसोपचार विभाग आहे. १८६४ मध्ये स्थापन झालेल्या प्रादेशिक मनोरुग्णालयातही बाह्यरुग्ण विभाग चालतो. तपासून त्याच दिवशी घरी येता येते. सरकारी रुग्णालयांत औषधे मोफत किंवा अल्प खर्चात मिळतात.

३) जाणे शक्य नसल्यास १४४१६ या क्रमांकावर दूरध्वनी करावा. केंद्र शासनाची 'टेलि-मानस' ही सेवा १० ऑक्टोबर २०२२ पासून सुरू आहे. ती २४ तास, मोफत व मराठीतूनही मिळते. घरच्या माणसासाठी सल्ला हवा असला तरी फोन करता येतो.

४) नैराश्यावरील औषधाचा गुण दिसायला दोन ते चार आठवडे लागतात. आज खत टाकले म्हणून उद्या पीक हिरवे होत नाही, तसेच हे आहे. बरे वाटू लागल्यावरही साधारणतः सहा ते नऊ महिने औषध चालू ठेवावे लागते. काहींना त्याहून अधिक काळ लागतो. बंद करायचे ते डॉक्टरांच्या सल्ल्याने, हळूहळू.

५) सुरुवातीला काही औषधांनी गुंगी येते. त्या दिवसांत ट्रॅक्टर, मळणी यंत्र, कडबाकुट्टी चालवू नये. लिथियम घेणाऱ्यांनी उन्हात काम करताना पाणी भरपूर प्यावे, रक्ततपासणी चुकवू नये आणि उलट्या-जुलाब झाल्यास लगेच डॉक्टरांना कळवावे. रोवणी व कापणीच्या घाईत गोळ्या संपू नयेत म्हणून आठवडाभर आधीच आणून ठेवाव्यात.

कोणाला सांगावे आणि ऐकणाऱ्याने काय करावे?

साऱ्या गावाला सांगण्याची गरज नाही. सुरुवात एका विश्वासू माणसापासून करावी. काय बोलावे ते सुचत नसेल तर, "माझी झोप गेली आहे, काम होत नाही, मला दवाखान्यात घेऊन चल," एवढे पुरे. सांगितल्यावर सगळेच समजून घेतील असे नाही. मलाही वाईट अनुभव आले. परंतु जे टिकले तेच पुढे उपयोगी पडले.

ऐकणाऱ्याने पुढील गोष्टी पाळाव्यात.

१) मध्येच न तोडता ऐकून घ्यावे. 'मन घट्ट कर', 'लोकांना यापेक्षा मोठी दुःखे आहेत' असे बोलू नये.
२) शंका आल्यास सरळ विचारावे, "जिवाचे बरेवाईट करण्याचा विचार मनात येतो का?" असे विचारल्याने तो विचार मनात भरत नाही. उलट माणूस मोकळा होतो.
३) उत्तर 'हो' असेल तर त्यास एकटे सोडू नये. त्याच दिवशी डॉक्टरांकडे न्यावे किंवा १४४१६ वर बोलावे. तातडीच्या वेळी १०८ वर रुग्णवाहिका बोलवावी.
४) कीटकनाशके व तणनाशके घरात, माळ्यावर किंवा खाटेखाली ठेवू नयेत. ती कुलूपबंद पेटीत ठेवावीत आणि किल्ली दुसऱ्या जबाबदार माणसाकडे असावी. फवारणीपुरतेच औषध आणावे. अनावर विचारांची वेळ बरेचदा थोडी असते. तेवढ्या वेळात हाताशी काही नसले तर जीव वाचतो.
५) दवाखान्याच्या दिवशी सोबत जावे. त्या दिवशीचे ओलित किंवा गुरांचे काम कोणीतरी आपणहून उचलावे.

कायदा काय सांगतो?

मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ हा २०१८ पासून लागू आहे. त्यानुसार शासकीय सेवेत मानसिक उपचार मिळणे हा प्रत्येकाचा हक्क आहे. रुग्णाची माहिती गुप्त ठेवणे बंधनकारक आहे. रुग्णास साखळीने बांधण्यास मनाई आहे. आरोग्य विम्यात मानसिक आजारांना शारीरिक आजारांप्रमाणेच स्थान द्यावे लागते. आत्महत्येचा प्रयत्न केलेली व्यक्ती तीव्र तणावाखाली होती असे गृहीत धरून तिला उपचार व आधार द्यावा, असेही हा कायदा म्हणतो. तेव्हा पोलिसांच्या भीतीने रुग्णास दवाखान्यात नेण्यास उशीर करू नये.

शेवटी, मेळाव्यातील त्या शेतकरी भाऊंविषयी. दुसऱ्या दिवशी ते त्यांच्या पत्नीसह माझ्याबरोबर नागपूरला आले. येताना बसमध्ये फारसे बोलले नाहीत. दिवाळीनंतर धान चुरणे सुरू असताना त्यांचा फोन आला. झोप लागते, जेवण जाते, पण सकाळी अजून जड वाटते, असे म्हणाले. डॉक्टरांनी औषध चालूच ठेवायला सांगितले आहे. फोन ठेवता ठेवता त्यांनी विचारले, "सर, तुमची गोळी चालू हाय ना?" मी म्हणालो, "हो, चालू आहे." असे विचारणारा माणूस मला अकरा वर्षांत घराबाहेर पहिल्यांदाच भेटला.

तेव्हा शेतकरी बंधू-भगिनींनो, पिकावर रोग दिसताच आपण जसे शेजाऱ्याला विचारतो, कृषी सहायकाला दाखवितो, तसेच मनाच्या आजाराचे करावे. लक्षणे दोन आठवड्यांहून अधिक टिकल्यास वाट पाहू नये. घरात कोणी गप्प गप्प झाले असेल तर आज रात्री जेवताना त्यास एकदा विचारावे, आणि उत्तर येईपर्यंत जवळ बसावे, ही विनंती.